शीव चालून पाहणारे अमीनसाहेब

मागच्या निवडणुकीला मत द्यायला गेले तर यादीच्या डोक्यावर वेगळंच नाव लिहिलेलं. शाळेच्या दारात बसलेली मुलगी म्हणाली, "आजी, आपला मतदारसंघ बदलला. आपलं गाव आता तिकडं गेलं." मी म्हटलं, जाऊ दे, मी तर इथंच आहे. ती हसली आणि तिनं माझ्या बोटाला शाई लावली.

खरंच, मी कुठं गेले नाही. लग्न होऊन टेंभुर्णीला आले तेव्हा हे गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात होतं. जिल्हा औरंगाबाद, कागद उर्दूत. मग मोगलाई गेली, राज्यं बदलली, आता जिल्हाही जालना झाला. तालुक्याचं तर विचारूच नका. माझी चूल मात्र त्या दिवसापासून त्याच कोपऱ्यात आहे. अशी कुठं रेघ सरकल्याचं कानावर आलं की मला नरहरराव अमीन आठवतात. त्या दिवशी शाळेतून घरी येईपर्यंत मी त्यांच्याच मागं मागं चालत होते म्हणा ना.

ते आमच्याकडं राहायला आले तेव्हा माझ्या लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, दोन लेकरं होती. ते मोजणीचे अमीन. गावोगाव जाऊन जमीन मोजायची, गावाच्या शिवा ठरवायच्या आणि त्याचा नकाशा करून वर पाठवायचा, हे त्यांचं काम. काही गावं या तालुक्यातून काढून त्या तालुक्यात घालायचं चाललं होतं आणि त्याआधी जुन्या शिवा पक्क्या करून घ्यायच्या होत्या. टेंभुर्णी बाजाराचं गाव, चारी दिशांना जायला सोयीचं, म्हणून त्यांनी आमची रस्त्याकडची खोली मागितली. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माणूस पाहिला आणि हो म्हटलं.

उंच, किडकिडीत, खांद्यात जरासे वाकलेले. डोक्याला फिका रुमाल. वय पंचेचाळिशीच्या आसपास. बोलताना ते आपल्याकडं बघत, पण नजर आपल्यावर थांबायची नाही. आपल्या मागं जे काही असेल, झाड, टेकडी, उतार, तिथवर जाऊन यायची. प्रथम मला वाटलं, माणूस शिष्ट आहे. नंतर कळलं, त्यांना तशी सवयच लागली होती. समोर भिंत असली तरी ते भिंतीपलीकडचं रान बघत.

शीव मोजायला निघाले की साखळीवाले दोघं मोजणीची साखळी घेऊन मागं, आणि नरहरराव पुढं. पहिल्या दिवशी मोजायचं नाहीच, नुसतं चालायचं. वहाणा काढून हातात घ्यायचे आणि सगळी शीव अनवाणी फिरायचे. सासऱ्यांनी एकदा विचारलं, अमीनसाहेब, काटे मोडतात, वहाणा कशाला काढता? ते म्हणाले, रान बदललं की डोळ्याच्या आधी पायाला कळतं. काळी संपून मुरमाड लागली, नांगरट संपून गायरान लागलं, की तळवा सांगतो. शिवेवरची वाट पुष्कळ माणसांनी तुडवलेली असते, तीसुद्धा पायालाच लागते.

प्रत्येक गावाचं पाणी ते पिऊन बघायचे. संध्याकाळी ओसरीवर बसले की त्यांच्या बोलण्यात गावांची नावं यायची ती पाण्यासकट. अमक्या गावचं पाणी जड, तमक्याचं जिभेवर किंचित गोडसर, एका गावच्या पाण्याला पावसाळ्यानंतर पळसाच्या मुळाचा वास येतो. मी आत भाकरी थापत असायची आणि ऐकता ऐकता माझा हात थांबायचा. जी गावं मी कधी पाहिली नाहीत, त्यांच्या विहिरी मला दिसायला लागायच्या. तव्यावरची भाकरी करपली की सासूबाई म्हणायच्या, गेली ही पुन्हा अमिनासंगं शीव चालायला.

कागद सगळे उर्दूत लिहायचे. उजवीकडून डावीकडं त्यांची लेखणी सरसर जायची. पण आमच्या गावांच्या नावात ळ आणि ण फार, आणि उर्दूत ती अक्षरंच नाहीत. टेंभुर्णीचं टेंभुर्नी व्हायचं. बाकीचे लोक तसंच लिहून मोकळे होत. नरहरराव मात्र अशा प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं एक बारीकसा ठिपका द्यायचे. त्या ठिपक्याचा अर्थ त्यांच्याशिवाय कुणाला कळणार नव्हता. आमच्या यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ते इतकंच म्हणाले की कळो न कळो, गावाचं नाव लंगडं करून माझ्या हातून जायला नको.

ते मूळचे गोदेकाठचे, शहागडचे. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरी एकटी आई, डोळ्यांनी अधू. दर साली ते अर्ज करायचे की मला अंबडकडं बदली द्या, म्हणजे आईजवळ राहता येईल. दर साली अर्ज कुठंतरी जाऊन पडायचा. आईविषयी ते फारसं बोलत नसत, पण गोदेविषयी बोलत. त्यांच्या वडिलांचं शेत नदीच्या काठाला होतं. नदी सरकत सरकत एका साली शेताच्या मधूनच वाहू लागली, आणि निम्मं रान पलीकडं गेलं. पलीकडच्या गावानं म्हटलं, नदी हीच शीव, तेव्हा हे आमचं. वडील रोज सकाळी काठावर उभं राहून पलीकडं आपलीच बोरीची झाडं बघत. नरहरराव म्हणायचे, त्या दिवसापासून मी ठरवलं, शीव म्हणून कुणी नुसतं बोट दाखवलं तर ऐकायचं नाही.

अन् विचारायचे तरी कुणाला? गावातले मोठे लोक चावडीवर जमलेले असायचे, त्यांचं ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, लिहूनही घ्यायचे. मग पाणवठ्यावर जायचे. लांबच उभं राहून, खाली बघत, बायांना विचारायचे. तुम्ही सरपण कुठपर्यंत आणता? कुठल्या झाडापाशी गेल्यावर हटकतात? बाळंतीण सव्वा महिन्यानं कुठली विहीर पूजते? बाया आधी पदर तोंडाला लावून हसायच्या, मग एकीला राहवायचं नाही, ती सांगायची, की दुसरी तिला दुरुस्त करायची. ते म्हणत, बाप्ये शीव सांगतात ती हवी तशी, बाया सांगतात ती वागतात तशी.

निमवाडीचं प्रकरण त्यांनी याच रीतीनं सोडवलं.

निमवाडी म्हणजे तीस-पस्तीस घरांची वस्ती. तिच्या एका अंगाला सरकारच्या ताब्यातलं, दिवाणी गाव, दुसऱ्या अंगाला एका जहागिरीचं गाव. दोन्हींच्या मधोमध ही वस्ती आणि तिची विहीर. वस्ती आजवर दिवाणीत धरली जायची. पण तालुक्यांची फिरवाफिरव निघाली तशी जहागिरीच्या कारभाऱ्यानं दावा केला की निमवाडी विहिरीसकट आमच्या शिवेत येते. शिवेचा जुना दगड जागेवर नव्हता. जुना कागद वाळवीनं खाल्ला होता.

ऐकणाऱ्याला वाटेल, या गावात काय आणि त्या गावात काय. पण निमवाडीच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जहागिरीच्या गावात वेठ चालायची. कारभाऱ्याचा माणूस दारात आला की हातातलं काम टाकून जायचं, नांगरायला, लाकडं फोडायला, पालखी वाहायला. लेकीचं लग्न काढायचं तर आधी वर्दी द्यायची. निमवाडीच्या बाया बाजाराला आल्या की आमच्या ओसरीशी थांबायच्या, अमीनसाहेब काय म्हणतात, विचारायच्या. मी काय सांगणार? मी म्हणायची, अजून चालून राह्यलेत.

ते तीन दिवस तिथं फिरले. म्हाताऱ्या माणसांना विचारलं. दिवाणीकडच्यांनी एक जागा दाखवली, जहागिरीकडच्यांनी दुसरी. दोन्ही बाजूंनी शपथा घेतल्या. तिसऱ्या दिवशी ते विहिरीपाशी टेकले असताना धुरपदा नावाची एक आजी कमरेवर घागर घेऊन आली. नरहररावांनी तिला शिवेचं काही विचारलंच नाही. विचारलं, आजी, तुमची वरात कोणत्या वाटेनं आल्ती?

नव्या नवरीला घेऊन वरात येते तेव्हा गावच्या शिवेवर थांबून नारळ फोडतात, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. धुरपदाआजी तेव्हा नऊ वर्षांची नवरी होती. बैलगाडीत झोपली होती आणि नारळ फुटल्याच्या आवाजानं जागी होऊन रडली होती. ती जागा तिच्या डोळ्यांपुढं तशीच होती. तिनं घागर खाली ठेवली आणि अमीनसाहेबांना घेऊन निघाली. विहीर मागं टाकून, जहागिरीच्या अंगाला बरंच पुढं, एका खडकाच्या कपारीपाशी ती उभी राहिली. इथं, म्हणाली. समोर नुसती कुसळं होती.

नरहररावांनी तिथं खणायला सांगितलं. दोन्ही गावची माणसं भोवती उभी होती, कारभाऱ्याचा माणूसही होता. कमरेइतका खड्डा होत आला तरी काही लागेना. लोक चुळबुळ करायला लागले. मग मातीचा रंग बदलला. त्यांनी हात वर करून खणणाऱ्याला थांबवलं, स्वतः खड्ड्यात उतरले आणि बोटांनी माती उकरू लागले. आत कोळसा होता, ओंजळभर, काळाभोर. जुन्या काळी शिवेचा दगड रोवताना त्याच्याखाली कोळसा पुरत. दगड उपटून नेता येतो, पण खाली काही पुरलंय हे नेणाऱ्याला ठाऊक नसतं. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही.

हे सगळं मला त्यांच्या एका साखळीवाल्यानं सांगितलं. तो म्हणाला, साहेब तळहातावर कोळसा घेऊन खड्ड्यातच उभे राहिले आणि म्हातारीकडं बघून त्यांनी मान लववली.

नकाशा लिहून व्हायला आठेक दिवस होते. त्या दिवसांत एका दुपारी जहागिरीचा कारभारी आमच्या घरी आला. चांगला गोरागोमटा, अत्तर लावलेला, बोलायला फार अदबीचा. सासरे शेतात गेले होते. हे आणि नरहरराव ओसरीवर, मी आतल्या दाराआड. कारभाऱ्यानं धमकी दिली नाही, देणंघेणंही काढलं नाही. त्यानं नरहररावांच्या आईची चौकशी केली. माउली एकटी असते, दिसत नाही, चुलीपाशी हात भाजला म्हणे परवा. त्याला हे कसं कळलं कोण जाणे. नरहररावांना स्वतःला ते ठाऊक नव्हतं. मग तो म्हणाला, तुमची अंबडची बदली वर अडून राहिली आहे, मी शब्द टाकला तर पंधरा दिवसांत हुकूम निघेल. एक दगड दोनशे पावलं अलीकडं रोवायचा, एवढंच. आणि नाहीच जमलं, तर वरचे लोक तुम्हाला कुठं पाठवतील याचा नेम नाही.

मला वाटतं तेवढ्यात नरहरराव मनानं शहागडला जाऊन आले. मग त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच संथ.

"कारभारीसाहेब, तुम्ही आईचं नाव काढलं म्हणून सांगतो. मी चार वर्षांचा असताना तिनं माझं बोट धरून मला शेताची शीव दाखवली. आता तिला दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हणून तिच्याशी खोटं बोलू का?"

कारभारी उठला, पान घेतलं, नमस्कार करून गेला. नरहरराव खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. निमवाडी दिवाणीत राहिली.

महिन्याभरात हुकूम आला. बदली तेलंगणाकडच्या जंगलपट्टीत, जिथलं बोलणं नरहररावांना येत नव्हतं, अन् जिथून शहागडला यायचं तर चार दिवस लागायचे.

आता माझं थोडं सांगते. माझं माहेर वऱ्हाडातलं, देऊळगावराजाच्या पुढं. आम्ही त्याला इंग्रजी म्हणत असू. म्हणजे माझ्या सासर-माहेराच्या मधून दोन राज्यांची हद्द गेलेली. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे मालावर जकात घेणाऱ्यांचा. तिथं माझं गाठोडं सोडून बघत. आईनं दिलेल्या चोळीच्या खणाच्या घड्या ते लोक मोडत आणि मी तिथंच बसून त्या पुन्हा घालायची. नरहररावांचा नकाशा ओसरीवर पसरलेला असला की मी येता-जाता बघायची. आमच्या बाजूला इतकी गावं, वाटा, ओढे. आणि हद्दीची रेघ आली की पुढं सगळं कोरं. जणू तिथं जग संपलं. एकदा मी धीर करून विचारलं होतं की या कोऱ्या बाजूला काहीच का नाही? ते म्हणाले, तिकडचं काढायचा हुकूम नसतो. मी म्हटलं, तिथं माझी आई असते.

जायच्या आदल्या दिवशी सामान बांधून झाल्यावर त्यांनी मला सासूबाईंदेखत ओसरीवर बोलावलं. एक कोरा कागद पसरला. म्हणाले, वैनी, माहेरची वाट सांगा. मी गांगरले. मग सांगू लागले. नाक्याच्या पुढं दोन आंबे, एक वठलेला. मग उतार, ओढा. ओढ्यात बैल पाणी पितात, तिथं गाडी थांबते. मग डावीकडं मारुती. तिथून कापसाची रानं, आणि एक विहीर जिच्या कठड्यावर मी लहानपणी नाव कोरलं होतं. मी बोलत गेले आणि त्यांची पेन्सिल माझ्या शब्दांमागून चालत गेली. मधेच विचारायचे, इथं ऊन कोणत्या अंगाला असतं? चढ लागतो का बैलांना? कागदाच्या एका टोकाला त्यांनी टेंभुर्णी लिहिली, दुसऱ्या टोकाला माझं माहेर. दोन्ही मराठीत, ठसठशीत. मधे हद्दीची रेघ काढलीच नाही.

कागद हातात देताना म्हणाले, "जन्मात हा एकच नकाशा मी न चालता काढला. तुमच्या पायावर भरवसा ठेवला."

मग वर्षं गेली. मोगलाईतलं शेवटचं साल फार वाईट गेलं. लुटालुटीची धामधूम वाढली तशी मी लेकरं घेऊन माहेरी गेले, माझ्यासारखी कितीतरी माणसं हद्द ओलांडून गेली. भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, राज्य बदललं आणि आम्ही परत आलो. करोडगिरीच्या नाक्यावर कुणी नव्हतं. आडवा बांबू कुणीतरी जळणाला नेला होता.

त्याच साली थंडीत, ज्वारी पोटऱ्यात असताना, एक दिवस नरहरराव ओसरीपाशी येऊन उभे राहिले. मी ओळखलं नाही. केस पांढरे, पाठ पार वाकलेली. नोकरी संपली होती, शहागडला परत निघाले होते, वाट वाकडी करून आले होते. मी आईचं विचारलं. म्हणाले, आई गेली, मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेल्ता.

जेवताना यांनी त्यांना निमवाडीचं सांगितलं. धुरपदाआजी केव्हाच गेली होती. आणि लोक बोलून राह्यले होते की आता जहागिऱ्याच जाणार, मग दिवाणी आणि जहागीर असा भेदच उरणार नाही. म्हणजे ती शीव आता असून नसल्यासारखी. आमचे हे बोलून गेले आणि मग त्यांना वाईट वाटलं असावं, ते ताटाकडं बघत बसले. मी न राहवून विचारलं, अमीनसाहेब, पस्तावा झाला का कधी?

ते घास हातात धरून थांबले. "झाला. पुष्कळदा झाला, वैनी. पण मधली चौदा वर्षं निमवाडीच्या माणसांना कुणी वेठीला धरलं न्हाई. तेवढी त्यांची त्यांना भेटली."

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाच्या घरी बारसं होतं, आमची गाडी निघणारच होती. नरहरराव म्हणाले, हद्दीपर्यंत येतो. गाडीत बसले. ओस नाक्यापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरले. यांना म्हणाले, बदली होईपर्यंत वर्षानुवर्षं या हद्दीला लागून काम केलं, पण पलीकडं कधी पाऊल टाकलं न्हाई, हुकूम नव्हता. मग हळूहळू चालत, जराही न थांबता, ते पलीकडं गेले. तिथं एक वऱ्हाडी बाई कापूस वेचत होती. तिच्याशी काही बोलले. तिनं आपल्या मडक्यातलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं.

आमची गाडी पुढं निघाली. वळणावर मी मागं बघितलं. ते त्या रानाच्या बांधावर टेकले होते, आमच्याकडं नाही, आम्ही सोडून आलेल्या मुलुखाकडं तोंड करून. कोवळ्या उन्हात तिकडं टेंभुर्णीचं शिवार निळसर दिसत होतं. हात कपाळाशी धरून ते बघत होते, एखादा वाटसरू परक्या गावाकडं बघतो तसे. मी बघेपर्यंत ते हलले नाहीत.